पैसे हवेत की तोच प्लॉट? कोर्टाकडे नेमकी कोणती दाद मागायची

समजा, तळेगावजवळचा एक एनए प्लॉट तुम्ही चाळीस लाखांना ठरवला. पाच लाख इसार चेकने दिला, पाचशेच्या स्टँपपेपरवर इसारपावती झाली, सहा महिन्यांत खरेदीखत करायचं ठरलं. पाचव्या महिन्यात पलीकडून नवा रस्ता जाणार अशी कुजबुज सुरू झाली आणि मालकाचा फोन आला, “साहेब, तुमचे पाच लाख परत घ्या, वर पन्नास हजार घ्या, पण व्यवहार काही आता होणार नाही.”

मालकाने शब्द मोडला, यात वाद नाही. वाद पुढचा आहे. कोर्टाने त्याला “पैसे दे” म्हणायचं की “प्लॉटच दे” म्हणायचं? की दाव्याचा निकाल लागेपर्यंत “दुसऱ्या कुणाला विकू नकोस” एवढं तरी आधी बजावायचं? पक्षकार वकिलाच्या ऑफिसात येतो तेव्हा समोरच्याने कसा दगा दिला हे तासभर सांगतो. वकील ऐकत असतो, पण त्याच्या डोक्यात वेगळाच प्रश्न घोळत असतो: याला हवंय काय, आणि कायदा त्यातलं काय देऊ शकतो? हक्क शाबीत होणं ही एक गोष्ट आणि त्यापोटी हातात काय पडतं ही दुसरी. आपल्याकडे मैफिलीत गवयाला दाद देतात आणि कोर्टाकडे दाद मागतात. या लेखात ही मागायची दाद कुठून आली आणि कशी मिळते ते बघू.

गोष्ट इंग्लंडात सुरू होते, कारण आपला करार कायदा तिथल्याच साच्यातला आहे. मध्ययुगात तिथल्या राजाच्या कोर्टांचा खाक्या ठरलेला होता. कुणी करार मोडला किंवा कुणी कुणाला इजा केली, तर जिंकणाऱ्याच्या पदरात बहुतेक वेळा पैसे पडायचे. दाव्याचे नमुनेही ठरलेले. तुमची तक्रार त्या नमुन्यात बसली नाही तर घरी जा. मग ज्यांचं पैशाने भागत नव्हतं ते लोक थेट राजाकडे अर्ज करू लागले. राजाने ते अर्ज आपल्या चान्सलरकडे सरकवले. हा चान्सलर पुष्कळदा बिशप असायचा. नियम काय म्हणतो यापेक्षा ‘या माणसाच्या सदसद्विवेकाला हे शोभतं का’ असं तो बघायचा, आणि पटलं नाही तर त्या माणसालाच हुकूम सोडायचा: अमुक कर, तमुक करू नकोस, ऐकलं नाहीस तर तुरुंगात जा. त्याच्या कोर्टाला चान्सरी म्हणू लागले आणि त्या न्यायाला इक्विटी. पाठ्यपुस्तकांत याला ‘समन्याय’ म्हणतात. कोर्टाच्या आवारात मात्र इक्विटी हाच शब्द ऐकू येतो.

एकाच गावात दोन कोर्टं आणि दोन न्याय म्हटल्यावर भांडण होणारच. १६१५ मध्ये ते विकोपाला गेलं. राजाच्या कोर्टाने दिलेला निकाल वसूल करू नकोस, असं चान्सरी जिंकलेल्या माणसाला सांगू लागली. मुख्य न्यायाधीश कोक एका बाजूला, चान्सलर एल्समीअर दुसऱ्या बाजूला. शेवटी १६१६ मध्ये राजा पहिला जेम्स याने चान्सरीच्या बाजूने कौल दिला. तरी कोर्टं वेगळीच राहिली. ती एक झाली थेट १८७३ ते १८७५ च्या कायद्यांनी.

आपल्याकडे हा दुहेरी संसार फारसा थाटलाच गेला नाही. १८२३ च्या सनदेने मुंबईत जे सुप्रीम कोर्ट आलं, त्याच्या डोक्यावर दोन्ही टोप्या होत्या. मुंबईबाहेर एल्फिन्स्टनच्या काळातल्या १८२७ च्या रेग्युलेशनने न्यायाधीशांना सांगून ठेवलं की कायदा नाही, रूढी नाही, अशा ठिकाणी ‘न्याय, इक्विटी आणि सद्सद्विवेक’ यांनुसार निकाल द्या. आजही मुंबई हायकोर्टात ‘कोर्ट रिसीव्हर’ नावाचं कार्यालय आहे. भांडण चालू असेपर्यंत वादातली इमारत, दुकान, भागीदारीतला माल यांचा ताबा सांभाळणारा हा अधिकारी चान्सरीच्याच वंशातला.

हा इतिहास सांगायचं कारण एवढंच की जुनी फाळणी अजून कायद्याच्या हाडात आहे. पैशाची भरपाई हा हक्क असतो. करार, तो मोडणं आणि नुकसान दाखवलंत की कोर्टाला ती द्यावी लागते, तुम्ही माणूस कसे आहात याच्याशी देणंघेणं नाही. पण ‘कर’ किंवा ‘करू नको’ असा हुकूम हवा असेल, तर कोर्ट आधी तुमच्याकडे नखशिखान्त बघतं. उशीर का केला, काय लपवलं, स्वतः शब्द पाळला का. माझ्या मते सामान्य माणसाने या सगळ्यातून एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मं काम होतं.

आधी पैशाचं बघू. १८५४ चा हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल हा इंग्लंडचा खटला. ग्लॉस्टरला वाफेवर चालणारी गिरणी होती. तिचा मोठा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, मोडला. त्यावरून नवा बनवायचा म्हणून तो पिकफर्ड या वाहतूक कंपनीमार्फत ग्रिनिचला पाठवला. कंपनीने दिरंगाई केली, गिरणी जास्त दिवस बंद राहिली. मालक म्हणाला, बुडालेला नफा द्या. कोर्टाने तो नाकारला. कारण एकच दांडा आहे आणि तो येईपर्यंत अख्खी गिरणी ठप्प आहे, हे कंपनीला कुठे ठाऊक होतं? एखाद्याकडे जादा दांडा असूही शकतो. तेव्हापासूनचा नियम असा: करार मोडल्यावर जे नुकसान नेहमीच्या ओघात होतं तेवढं, किंवा करार करतानाच दोघांना माहीत होतं असं खास नुकसान, एवढंच मिळेल. लांबून लांबून ओढून आणलेलं नाही.

हाच नियम १८७२ च्या आपल्या करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये बसवला गेला, आणि तिथे दिलेलं एक उदाहरण गिरणीचंच आहे. यात मालकाने वाहतूकदाराला आधीच बजावलंय की यंत्राअभावी गिरणी बंद आहे. तरी उशीर झाला. मग बंद काळातला सरासरी नफा मिळेल. पण त्या दरम्यान हातचं गेलेलं सरकारी कंत्राट? त्याचे पैसे नाहीत, कारण त्याबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं. म्हणून मी लोकांना सांगतो, ऑर्डर देतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: “शनिवारी मुहूर्त आहे, शुक्रवारपर्यंत जनरेटर आला नाही तर मला शंभर माणसांचं हॉटेलचं बिल भरावं लागेल.” ती एक ओळ पुढे लाखमोलाची ठरते. नुकसान झाल्यावर कितीही मोठा ताळेबंद मांडा, आधी सांगितलेल्या चार शब्दांची सर त्याला येत नाही.

कलम ७३ च्या शेवटी एक छोटं स्पष्टीकरण आहे, लोक ते वाचतच नाहीत. नुकसान मोजताना, ते टाळायला तुमच्या हाताशी काय साधनं होती तेही बघायचं. केटरर लग्नाच्या चार दिवस आधी पळाला, तर हातावर हात ठेवून बसायचं आणि मग ‘अब्रू गेली’ म्हणून दावा ठोकायचा, असं चालत नाही. दुसरा केटरर शोधा. तो ताटामागे शंभर रुपये जास्त घेईल. तो फरक हे तुमचं नुकसान. आणि हो, मनस्तापाचे पैसे साध्या करारभंगात सहसा मिळत नाहीत. ग्राहक आयोग ते देतो, म्हणून असे पुष्कळ वाद हल्ली दिवाणी कोर्टाऐवजी तिकडे जातात.

आता भरपाईचा आकडा करारातच लिहून ठेवला असेल तर? ‘व्यवहार मोडल्यास भरलेली सर्व रक्कम जप्त’ हे वाक्य इसारपावत्यांमध्ये इतकं सर्रास असतं की लिहिणारालाही ते का लिहितोय हे ठाऊक नसतं. कलम ७४ सांगतं की लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. त्याच्या आत जे वाजवी असेल तेच मिळेल. सुप्रीम कोर्टाचा १९६३ चा फतेहचंद निकाल यातला पाया. दिल्लीतला बंगला, किंमत १,१२,५०० रुपये. खरेदीदाराने १,००० इसार आणि पुढे २४,००० दिले. व्यवहार फिस्कटल्यावर विकणारा पूर्ण २५,००० गिळू पाहत होता, कारण करारात तसं लिहिलं होतं. कोर्टाने म्हटलं, इसाराचे हजार ठेव. उरलेल्या चोवीस हजारांएवढं तुझं नुकसान झालंय हे कुठे दिसतं?

२०१५ च्या कैलाशनाथ खटल्यात हीच गोष्ट मोठ्या रकमेवर घडली. दिल्ली विकास प्राधिकरणाने लिलावात ३.१२ कोटींना दिलेल्या भूखंडाचा व्यवहार रद्द करून बयाण्याचे ७८ लाख जप्त केले. नंतर तोच भूखंड ११ कोटींच्या वर विकला गेला. नुकसान शून्य, उलट फायदाच. सुप्रीम कोर्टाने ७८ लाख व्याजासह परत करायला लावले. तेव्हा पावतीवर ‘इसार’ कशाला म्हटलंय आणि ‘किमतीपोटी दिलेली रक्कम’ कशाला, हे सही करण्याआधी वाचून घ्यावं. दोन्हींचं नशीब सहसा वेगळं असतं.

तर तळेगावच्या प्लॉटकडे परत. तुम्हाला पैसे नकोतच, प्लॉट हवाय. यासाठीचा कायदा म्हणजे १९६३ चा स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट. त्याआधी १८७७ चा होता. कोर्टात या दाव्याला ‘करारपूर्तीचा दावा’ म्हणतात. मूळ विचार असा की बाजारात तशीच दुसरी वस्तू मिळत असेल तर पैसे पुरेत. शंभर क्विंटल सोयाबीन कुणाकडूनही घेता येतं. जमिनीचा तुकडा मात्र दुसऱ्या तुकड्यासारखा नसतो. म्हणून स्थावराच्या बाबतीत कायदा आधीपासूनच असं धरून चालायचा की पैशाने भागत नाही. तरीही २०१८ पर्यंत ही दाद न्यायाधीशाच्या मर्जीवर, म्हणजे विवेकाधीन होती. १ ऑक्टोबर २०१८ पासून दुरुस्ती लागू झाली आणि कलम १० मध्ये शब्द बदलले: अटी पुऱ्या झाल्या की कोर्टाने करार पार पाडायला लावायचाच. त्याच दुरुस्तीत असे दावे बारा महिन्यांत निकाली काढावेत असंही लिहिलंय. हे वाचून आमच्याकडचे जुने कारकून जे हसतात, ते बघण्यासारखं असतं.

मर्जी गेली, पण तुमच्या वागण्याची परीक्षा गेली नाही. कलम १६ ची अट कायम आहे: तुम्ही पहिल्यापासून आजपर्यंत तुमचा वाटा उचलायला तयार आणि राजी होता, हे सिद्ध करा. तयार म्हणजे खिशात ऐपत, राजी म्हणजे मनात इच्छा. उरलेले पस्तीस लाख कुठून येणार होते? कर्जमंजुरीचं पत्र, मुदत ठेव, बँकेचा उतारा, काय असेल ते दाखवा. “माझ्याकडे पैसे होते” असं नुसतं साक्षीत म्हणून दावे बुडालेत. शिवाय ठरलेल्या तारखेच्या आत लेखी नोटीस पाठवा की अमुक दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रक्कम घेऊन येतो, तुम्ही या. आणि खरोखर जा.

मुदत तीन वर्षं. करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर मालकाने नकार दिला हे कळल्यापासून. पण तीन वर्षं आहेत म्हणून अडीच वर्षं झोपायचं आणि भाव दुप्पट झाल्यावर जागं व्हायचं, हे कोर्टांना अजिबात आवडत नाही.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकासाठी एक खास खड्डा सांगतो. दावा चालू असताना मालकाने प्लॉट तिसऱ्याला विकला, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तो तिसरा माणूस तुमच्या दाव्याच्या निकालाला बांधलेला असतो. देशात बहुतेक ठिकाणी हे आपोआप घडतं. आपल्याकडे मात्र १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे त्यासाठी दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ही ‘लिस पेंडन्स’ नोटीस नोंदवली नाही तर या कलमाचा आधार निसटतो. दावा दाखल केला त्याच आठवड्यात हे उरका. दुसरा खड्डा मुद्रांकाचा: साठेखतानुसार, म्हणजे विक्रीच्या करारानुसार, ताबाही दिला असेल तर खरेदीखताएवढं मुद्रांक शुल्क लागतं, ते भरलेलं नसेल तर कागद पुराव्यात घेण्याआधी शुल्क आणि दंड वसूल होतो.

आणि दाव्याच्या शेवटी जे विनंतीचं कलम असतं, त्यात पर्याय लिहा. करारपूर्ती द्या, काही कारणाने ती देता येत नसेल तर इसार व्याजासह परत द्या, नुकसानभरपाई द्या. इसार परत मागितला नसेल तर तो आपण होऊन देता येत नाही, असं स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टचं कलम २२ म्हणतं. दुरुस्ती अर्ज करता येतो, पण तोवर वेळ आणि अब्रू दोन्ही जातात.

सगळेच करार असे पुरे करून मिळत नाहीत. ज्यावर कोर्टाला रोज देखरेख ठेवावी लागेल, जे एखाद्याच्या अंगच्या गुणावर अवलंबून आहेत, ते यातून बाहेर. चित्रकाराला चित्र काढायला लावता येत नाही. कंत्राटदार घराचा स्लॅब अर्धवट टाकून पळाला तर २०१८ नंतर एक वेगळी वाट आहे: तीस दिवसांची लेखी नोटीस द्या, दुसऱ्याकडून काम पुरं करून घ्या आणि खर्च पहिल्याकडून वसूल करा. फक्त मग त्या पहिल्याने येऊन स्लॅब घालावाच, असा हट्ट धरता येत नाही.

गायला लावता येत नाही, पण दुसरीकडे गाण्यापासून थांबवता येतं. १८५२ साली लंडनमध्ये योहाना वाग्नर या गायिकेने हर मॅजेस्टीज थिएटरसाठी तीन महिन्यांचा करार केला आणि दुसरीकडे गाणार नाही असं कबूल केलं. प्रतिस्पर्धी कॉव्हेंट गार्डनने जास्त पैसे देऊ केले. चान्सरीने तिला थिएटरवर ओढून आणलं नाही, पण कॉव्हेंट गार्डनला गाऊ नकोस एवढं बजावलं. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांच्या काळातला, बालगंधर्वांच्या जमान्यातला कुणाही मालकाने ही भानगड ऐकून मान डोलावली असती. गंमत म्हणजे याच भांडणातून पुढच्या वर्षी दुसरा निकाल आला: दुसऱ्याचा करार मुद्दाम मोडायला लावणं हीसुद्धा चूक आहे, आणि फूस लावणाऱ्याने भरपाई द्यायची. करारातून अपकृत्यात, म्हणजे करार नसतानाच्या हानीत, जाणारा हा पूल.

याचं मराठी मुलखातलं भावंड १९६७ चं आहे. कल्याणला सेंचुरी स्पिनिंगच्या टायरकॉर्ड कारखान्यात एका पर्यवेक्षकाने पाच वर्षांचा करार केला, परदेशी तंत्राचं शिक्षण घेतलं आणि मुदतीआधीच राजस्थानातल्या स्पर्धक कंपनीत गेला. सुप्रीम कोर्टाने मनाई कायम ठेवली, पण फक्त उरलेल्या मुदतीपुरती. नोकरी संपल्यानंतरही ‘दोन वर्षं या धंद्यात पाऊल ठेवायचं नाही’ अशी अट करार कायद्याच्या कलम २७ खाली सहसा टिकत नाही. आयटीतल्या मुलामुलींना एचआरवाले या अटीचा बागुलबुवा दाखवतात, तेव्हा हे ठाऊक असलेलं बरं.

मनाई हुकूम म्हणजे लोकांच्या भाषेत ‘स्टे’. दाव्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज द्यायचा. आपल्या कोर्टांत त्याला ‘निशाणी ५’ म्हणतात आणि पुष्कळ दाव्यांचं भवितव्य तिथेच ठरतं. न्यायाधीश तीन गोष्टी बघतो. वरवर पाहता तुमच्या म्हणण्यात दम आहे का? मनाई दिली तर त्याला आणि नाही दिली तर तुम्हाला, कुणाला जास्त त्रास? आणि पुढे पैशाने भरून निघणार नाही असं नुकसान होणार आहे का? चौथी गोष्ट न लिहिलेली, पण सगळ्यांत जड: हात स्वच्छ आहेत का. कोकाकोला आणि गुजरातेतली बाटल्या भरणारी कंपनी यांच्यातल्या, मुंबई हायकोर्टातून वर गेलेल्या वादात १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं: मनाई मागणाऱ्याचं स्वतःचं वागणंही तपासलं जाईल. मालकाने पाठवलेलं एखादं पत्र तुम्ही दाव्यात दडवलंत आणि ते त्याच्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, बाहेर आलं, की निशाणी ५ संपलीच समजा.

समोरच्याला न ऐकताही मनाई मिळते, पण कारण लिहून आणि थोड्या काळापुरती. असा अर्ज तीस दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न कोर्टाने करायचा असतो. आपल्यावर अशी वेळ येईल अशी शंका असेल तर कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज, दाखल करा. ते नव्वद दिवस चालतं. मनाई मोडली तर मालमत्ता जप्त होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही. चान्सलरचा तुरुंग असा अजून शाबूत आहे.

आता करार नसतानाची हानी, म्हणजे अपकृत्य. शेजाऱ्याचं सांडपाणी तुमच्या भिंतीत मुरतंय, ट्रकने उडवलं, खोटंनाटं छापून बदनामी केली. यावर आपल्याकडे एकसंध कायदाच नाही. निकालांच्या पुण्याईवर सगळं चाललंय. सांडपाण्यासारख्या रोजच्या त्रासात पैशापेक्षा मनाईच कामाची. बदनामीत पैसे, पण मुदत एकच वर्ष. भरपाईची मोजपट्टीही करारापेक्षा वेगळी. करार पाळला गेला असता तर तुम्ही जिथे पोचला असता तिथे नेणं हे करारातलं काम. अपघात झालाच नसता तर तुम्ही जिथे होता तिथे परत आणून ठेवणं हे अपकृत्यातलं. गेलेला पाय परत येत नाही, म्हणून हे ‘ठेवणं’ शेवटी आकड्यातच होतं.

तो आकडा न्यायाधीशाच्या मनावर सोडू नये म्हणून मोटार अपघातांत सूत्र ठरलंय, मुख्यतः २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांनी. समजा, ३४ वर्षांचा स्वतःचा टेंपो चालवणारा माणूस अपघातात गेला. महिना कमाई २०,०००. मागे बायको, दोन मुलं, आई. वर्षाचे २,४०,०००. पुढे कमाई वाढली असती म्हणून, स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, तर ४० टक्के जोडा: ३,३६,०००. चार जण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा: २,५२,०००. या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो ठरलेला आकडा, १६. होतात ४०,३२,०००. त्यावर अंत्यसंस्कार वगैरेंच्या ठरीव रकमा. या हिशोबात सगळा खेळ कमाई सिद्ध करण्यावर आहे. प्राप्तिकर विवरणपत्र भरलेलं नसेल, डिझेलच्या पावत्या नसतील, तर वीस हजारांचे दहा हजार व्हायला वेळ लागत नाही, आणि मग खालचा आकडाही बरोबर निम्मा होतो.

मोठ्या कारखान्यांसाठी कायदा याहून कडक आहे. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला. आदल्याच वर्षी भोपाळ घडलेलं. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की धोकादायक धंदा करणाऱ्याची चूक शोधत बसायचं नाही, जबाबदारी पूर्ण. आणि धंदा जितका मोठा तितकी भरपाई मोठी. भोपाळचा दावा मात्र १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटवला गेला, आणि ती रक्कम पुरेशी नव्हती हे माझं स्पष्ट मत आहे. सरकारच चुकलं तर? १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही १९८२ पर्यंत बिहारच्या तुरुंगात राहिलेल्या रुदल शाह यांना सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्ये, आधी मिळालेले ५,००० सोडून, ३०,००० द्यायला लावले. चौदा वर्षांची ती किंमत वाचून आजही बोटं थबकतात. पण ‘सुटका झाली, आता विषय संपला’ या सरकारी पवित्र्याला त्या निकालाने पहिला धक्का दिला.

दिवाणी कोर्टाबाहेरही हीच जुनी साधनं नव्या नावांनी भेटतात. बिल्डरने ताबा लांबवला तर रेराचं कलम १८ दोन पर्याय देतं: व्यवहार सोडून पैसे व्याजासह परत, किंवा घर ठेवून प्रत्येक महिन्याच्या उशिराचं व्याज. म्हणजे पैसे की वस्तू, हाच प्रश्न. बिल्डर सोसायटीला जमिनीचं खरेदीखतच करून देत नाही, यावर महाराष्ट्राने काढलेला ‘डीम्ड कन्व्हेयन्स’चा, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग तर सरळ करारपूर्तीच आहे, फरक इतकाच की न्यायाधीशाच्या खुर्चीत सहकार खात्याचा जिल्हा उपनिबंधक बसलेला असतो.

तळेगावचा दावा तुम्ही जिंकलात, असं धरू. हुकूमनाम्यात लिहिलं असेल की अमुक दिवसांत उरलेले पस्तीस लाख कोर्टात भरा आणि मालकाने खरेदीखत करून द्यावं. पैसे वेळेत भरा. चुकलात तर मालक अर्ज देऊन करारच रद्द करून घेऊ शकतो. मालक तरीही सहीला आला नाही तर दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अंमलात आणण्याचा अर्ज, दाखल करायची. कोर्ट खरेदीखताचा मसुदा त्याला पाठवतं, हरकती ऐकतं, आणि मग त्याच्या जागी कोर्टाने नेमलेला माणूस सही करतो. तो कागद घेऊन तुम्ही दुय्यम निबंधकाकडे जाता, नोंदणी होते. तिथून निघालात की सातबाऱ्यावर नाव लावायला फेरफाराचा अर्ज घेऊन तलाठ्याकडे.